उपद्रवी प्राण्यांसाठी परवडणारी छोट्या कॅलिबरची रायफल कशी निवडावी

मी नेमबाजी शिकवते. धान्याची कोठारं, रोपवाटिका, कोंबड्यांच्या शेड सांभाळणारी माणसं माझ्याकडे येतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "कमी पैशांत कुठली रायफल घेऊ?" मी त्यांना आधी तीन गोष्टी विचारते. प्राणी कुठला? किती अंतरावरून मारणार? आणि त्या प्राण्याच्या मागे काय आहे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं पटकन येतात. तिसऱ्याला बहुतेक जण थांबतात, आणि कुठली रायफल घ्यायची हे खरं तर तिथेच ठरतं.

त्याच्याही आधी कायदा. बंदुकीचा परवाना, कुठला प्राणी मारायला परवानगी आहे, कुठल्या जागेत, दिवसा की रात्री, हे सगळं देशागणिक बदलतं. काही ठिकाणी एअर रायफललाही परवाना लागतो. पिकाचं नुकसान करणारा प्राणी कायद्याने संरक्षित असू शकतो, आणि स्वतःच्या शेतात उभं राहून गोळी झाडली तरी तो गुन्हा ठरू शकतो. हे लेखी विचारून घ्या. शेजारच्याने सांगितलं म्हणून चालतं असं धरू नका.

आणि बंदूक हा शेवटचा उपाय आहे हे मी प्रत्येकाला सांगते. छोटा उंदीर ६ मिलिमीटरच्या फटीतून आत शिरतो, मोठ्याला साधारण १२ मिलिमीटर पुरतात. सांडलेलं धान्य तसंच पडलेलं असेल आणि दाराखालची फट उघडी असेल तर कितीही उंदीर मारले तरी जागा भरत राहते. फटी बुजवा, खाद्य झाका, सापळे लावा. त्यानंतर जे उरेल ते रायफलीचं काम. विषापेक्षा ते मला बरंच वाटतं, कारण उंदरांचं विष खाल्लेला उंदीर घुबडाच्या पोटात गेला की विष घुबडालाही बाधतं. पण बरं वाटतं ते एकाच अटीवर: जनावर एका गोळीत, कळायच्या आत गेलं पाहिजे. या लेखातली प्रत्येक निवड मी त्या अटीवर पारखली आहे.

आधी काडतूस ठरवा

प्राणी उंदीर किंवा घूस असेल, अंतर वीस-तीस मीटर असेल आणि काम शेडच्या आत किंवा आसपास असेल, तर एअर रायफल घ्या. पत्र्याचं छप्पर, पाण्याच्या टाक्या, बांधलेली गुरं, भिंतीपलीकडे माणसांची ये-जा, अशा जागेत बारुदाच्या काडतुसाला स्थान नाही. ४.५ मिलिमीटरचा छर्रा सपाट जातो, ५.५ मिलिमीटरचा जड असल्याने जवळच्या अंतरावर धक्का जास्त देतो. उंदरासाठी दोन्ही पुरतात. स्प्रिंगवर चालणारी एअर रायफल स्वस्त असते आणि तिला दुसरं काही लागत नाही, पण तिच्यावर नेम बसायला वेळ लागतो. पिस्टन पुढे धावतो तेव्हा सगळी रायफल हलते, त्यामुळे पकड प्रत्येक वेळी तीच आणि सैल लागते. आधीच दाबून भरलेल्या हवेची रायफल नवख्याच्या हातीही लवकर अचूक चालते, पण पंप किंवा सिलिंडरचा खर्च तिच्या किमतीत दिसत नाही. तो विचारून मगच तुलना करा.

प्राणी सशाएवढा असेल, अंतर पन्नास-साठ मीटरपर्यंत असेल आणि मागे मातीचा बांध किंवा टेकाड असेल, तर .२२ एलआर (लाँग रायफल), म्हणजे साधारण ०.२२ इंच जाडीच्या गोळीचं छोटं काडतूस. हे काडतूस १८८७ पासून चालत आलं आहे. छोट्या कॅलिबरमध्ये याच्याइतकं स्वस्त आणि सगळीकडे मिळणारं दुसरं नाही. धक्का जवळपास नाहीच, त्यामुळे सराव भरपूर होतो, आणि माझ्या मते हाच त्याचा सर्वांत मोठा गुण आहे. महाग काडतुसाची रायफल घेणारा माणूस सराव कमी करतो.

त्याच्या पुढच्या पायरीवर दोन पर्याय आहेत. .२२ मॅग्नम १९५९ मध्ये आलं आणि .१७ एचएमआर २००२ मध्ये, मॅग्नमच्याच नळकांड्याचा, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या पुंगळीचा, गळा आवळून. ऊर्जेचा अंदाज असा: .२२ एलआरची ४० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) सबसॉनिक, म्हणजे ध्वनीपेक्षा हळू जाणारी, गोळी नळीतून निघताना साधारण १४० ज्यूल, .१७ एचएमआर ३३० च्या आसपास, .२२ मॅग्नम ४०० च्या वर. .१७ ची १७ ग्रेनची इवलीशी गोळी सेकंदाला साधारण ७७५ मीटरने सुटते, आणि शंभर मीटरपर्यंत नेम वरखाली करायची गरज जवळपास पडत नाही. मोकळ्या माळावर, लांब बसलेल्या सशांसाठी ती उत्तम. पण आवाज मोठा, काडतूस महाग, आणि वाऱ्याने ती हलकी गोळी सरकते. तुमचं नेहमीचं अंतर खरोखर सत्तर मीटरच्या पुढे असेल तरच या दोन्हींकडे वळा. लोक अंतराचा अंदाज बहुतेक वेळा जास्त सांगतात. टेप घेऊन मोजा, मग बोलू.

रानडुकरासाठी यातलं काहीही चालणार नाही. कोल्ह्याएवढ्या जनावरालाही .२२ एलआर कमी पडतं. जखमी होऊन झुडपात जाऊन दोन दिवसांनी मरणारं जनावर ही कोणाचीच गरज नाही.

एक गोष्ट विकत घेण्याआधीच पक्की करा: मॅग्नमच्या रायफलीत एलआरची काडतुसं घालायची नसतात. दोन्ही .२२ म्हणवतात, पण मॅग्नमचं नळकांडं जाड असतं. त्याच्या चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत, एलआर सैल बसतं आणि झाडताना फाटू शकतं. नळीवर कोरलेलं काडतुसाचं नाव वाचा आणि तेवढंच वापरा.

मागे काय आहे

.२२ ला लोक खेळण्यातली समजतात, आणि ही समजूत मला सर्वांत जास्त भीती घालते. या काडतुसाच्या डब्यावर सहसा दीड मैलापर्यंत धोका असल्याचा इशारा छापलेला असतो, म्हणजे जवळपास २.४ किलोमीटर. शिवाय शिशाची हळू जाणारी गोळी कडक जमिनीवर, दगडावर, पाण्यावर आपटून उसळते, आणि उसळल्यावर कुठे जाईल ते सांगता येत नाही. .१७ ची पातळ गोळी आपटताच बहुतेक वेळा फुटते, म्हणून ती कमी उसळते. कमी, पण कधीच नाही असं नाही.

तेव्हा जागा रायफलीच्या आधी पाहा. ज्या दिशेला झाडायचं तिथे मऊ मातीचा उभा चढ हवा. फांदीवर, छपरावर, कुंपणाच्या तारेवर बसलेल्या प्राण्यावर रायफल रोखायचीच नाही, कारण मागे फक्त आकाश असतं. थोड्या उंचीवरून खाली झाडता आलं तर गोळी जमिनीत जाते. कित्येकदा मी शेत पाहून सांगते की इथे रायफल नको, पिंजरे लावा. त्यात कमीपणा काही नाही.

बोल्ट की सेमी-ऑटो

बोल्ट रायफलीत नळीमागचा दांडा, म्हणजे बोल्ट, दर गोळीनंतर हाताने मागेपुढे करून नवं काडतूस भरायचं असतं; सेमी-ऑटोत ते आपोआप भरतं. माझं उत्तर बोल्ट. सेमी-ऑटो वाईट असतात म्हणून नाही. रुगर १०/२२ ही १९६४ पासून बनते आहे आणि जगात सर्वांत जास्त खपलेल्या .२२ रायफलींपैकी आहे. तिचं दहा काडतुसांचं फिरतं मॅगझिन फार भरवशाचं आहे. पण या कामाला दुसरी गोळी पटकन सुटण्याचा उपयोग क्वचितच होतो. पहिल्या गोळीनंतर बाकीचे पळालेले असतात. सबसॉनिक काडतुसावर सेमी-ऑटोचा बोल्ट अनेकदा पूर्ण मागे जात नाही, अडकतो. बोल्ट रायफलीत जवळपास कुठलंही .२२ एलआर काडतूस चालतं, साफ करणं सोपं, आणि बोल्ट बाहेर काढला की रायफल सुरक्षित झाली हे सगळ्यांना लांबून दिसतं. काही देशांत सेमी-ऑटोला वेगळा, कडक परवाना लागतो, हेही आहेच.

नळीखाली लांब ट्यूबचं मॅगझिन असलेल्या जुन्या रायफली स्वस्तात मिळतात. चालतात छान, पण ट्यूब पूर्ण रिकामी झाली की नाही हे नजरेने कळत नाही. घरात मुलं असतील तर मी काढता येणारं मॅगझिनच घ्यायला सांगेन.

नव्या रायफलींमध्ये सीझेड ४५७, सॅव्हेज मार्क टू, रुगर अमेरिकन रिमफायर, टिका टी१एक्स ही नावं तुम्हाला वारंवार ऐकू येतील. सॅव्हेज आणि रुगर सहसा स्वस्त, दस्ता प्लॅस्टिकचा, काम चोख. सॅव्हेजचा ट्रिगर घरच्या घरी हलका करता येतो, आणि या किमतीत ती मोठी गोष्ट आहे. सीझेड आणि टिका वरच्या पायरीवर, आणि त्यांचा बोल्ट फिरवताना फरक हाताला कळतो. पण सशाला तो फरक कळत नाही. पैसे मोजकेच असतील तर स्वस्त रायफल आणि जास्त काडतुसं घ्या.

नळी किती लांब असावी याची काळजी करू नका. .२२ एलआरची बारुद सोळा-सतरा इंचांत जळून संपते. त्यापुढे लांबी वाढवून वेग वाढत नाही. छोटी नळी झुडपातून, दारातून वळवायला सोपी. वजन मात्र हातात घेऊन बघा. फार हलकी रायफल उभ्याने धरली की डुलते.

आणि दस्ता अंगाला बसला पाहिजे. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल दस्त्यावर टेकवा, मग डोळे उघडा. मान न हलवता स्कोपमधून, म्हणजे नेमाच्या दुर्बिणीतून, पूर्ण गोल चित्र दिसलं तर ती रायफल तुमची. काळं चंद्रकोरीसारखं दिसत असेल तर दस्ता लांब किंवा आखूड आहे, किंवा स्कोप चुकीच्या उंचीवर आहे. हे दुकानात दोन मिनिटांत कळतं, म्हणून न बघता मागवू नका.

जुनी रायफल पारखताना

कमी पैशांत चांगली रायफल हवी तर माझा सल्ला जुन्या बोल्ट रायफलीचा. .२२ एलआरच्या शिशाच्या गोळीने नळी फार कमी झिजते. चाळीस वर्षं जुनी रायफल नव्याइतकी अचूक असू शकते. नळी खराब होते ती गंजाने, आणि त्याहून जास्त वेळा चुकीच्या साफसफाईने. पाहणी माझ्या शिकाऊंकडून मी ज्या क्रमाने करून घेते तोच क्रम सांगते.

आधी मॅगझिन काढा, बोल्ट मागे घ्या, चेंबरमध्ये नजर टाका आणि बोट घालून बघा. विकणारा म्हणाला रिकामी आहे, तरीही. मग बोल्ट पूर्ण बाहेर काढा आणि मागून नळीत पाहा, दुसऱ्या टोकाला पांढरा कागद किंवा छोटा दिवा धरून. आतले आटे चकचकीत, कडा धारदार दिसल्या पाहिजेत. काळे खड्डे म्हणजे गंजाने खाल्लेलं लोखंड. १९३० च्या आधीच्या रायफलींमध्ये ते हमखास दिसतात, कारण त्या काळच्या काडतुसांच्या स्फोटक मसाल्यातली रसायनं नळीला गंज आणायची. कोरडं फडकं सळईवर घट्ट लावून ढकला. हाताला सगळीकडे सारखा दाब लागला पाहिजे. मध्येच सैल झालं तर नळी तिथे फुगलेली आहे, आणि तशी रायफल परत ठेवून द्या.

आता नळीचं पुढचं तोंड. गोळीला शेवटचा स्पर्श तिथे होतो. तिथल्या कडेवर एका बाजूला खरचटलं किंवा सळईने घासून झिजलं असेल तर गोळी दर वेळी थोडी तिरकी सुटते. कुशल कारागीर ते तोंड नव्याने कापून देऊ शकतो, पण तेवढी किंमत कमी करून घ्या.

मग चेंबरची मागची कड. रिमफायर काडतुसाचा स्फोटक मसाला त्याच्या मागच्या किनारीत असतो, म्हणून फायरिंग पिन किनारीवर आपटते. काडतूस न घालता ट्रिगर पुन्हा पुन्हा दाबला गेला असेल तर पिन चेंबरच्या कडेवर आपटून तिथे खाच पाडते. मग काडतूस नीट बसत नाही, बाहेर निघत नाही, कधी फुटतही नाही. ही खाच नखाने चाचपता येते. रायफल बघताना विकणाऱ्याला विचारल्याशिवाय रिकामा ट्रिगर दाबू नका. डमी काडतूस सोबत न्या.

डमी काडतुसं मॅगझिनमधून एकेक भरून बाहेर काढून पाहा. बाहेर फेकणारा आकडा झिजला असेल तर इथेच कळेल. मॅगझिनचे ओठ वाकलेले असतील तर काडतूस तिरकं येतं. नवं मॅगझिन त्या मॉडेलसाठी अजून मिळतं का, हे घरी येऊन शोधण्यापेक्षा आधीच शोधा. मॅगझिन मिळत नाही म्हणून चांगली रायफल निरुपयोगी झालेली मी पाहिली आहे.

सेफ्टीची परीक्षा डमी काडतुसावरच: बोल्ट चढवा, सेफ्टी लावा, ट्रिगर दाबा, सोडा, मग सेफ्टी काढा. सेफ्टी काढताना पिन सुटली तर रायफल धोकादायक आहे. नंतर सेफ्टी काढलेल्या अवस्थेत दस्त्याचं बूड जाड रबरावर हलकं आपटा. तेव्हाही सुटता कामा नये. ट्रिगर इतका हलका करून ठेवलेला असतो की धक्क्याने सुटतो, असं जुन्या रायफलींमध्ये आढळतं. ते दुरुस्त होतं, पण कारागिराकडून.

शेवटी, परवानगी असेल तर, दस्त्याचे स्क्रू काढून रायफल वेगळी करा. लाकडाच्या आत, नळीच्या खालच्या बाजूला ओल साचते आणि बाहेरून सुंदर दिसणारी रायफल आत गंजलेली निघते. लाकडाला ट्रिगरच्या मागे, मनगटाच्या जागी, चीर आहे का पाहा. आणि जुन्या रायफलीत .२२ शॉर्ट काडतुसं खूप वर्षं वापरली असतील तर चेंबरमध्ये पुढे एक कडं खाल्लं जातं, आणि लांब एलआरचं रिकामं नळकांडं तिथे चिकटतं. खरं काडतूस झाडून बघायला मिळालं तरच हे कळतं, म्हणून रेंजवर भेटायचा आग्रह धरा.

स्कोप

स्कोपवर खर्च करा, पण योग्य जागी. मोठ्या रायफलींसाठीचे स्कोप शंभर यार्डांवर पॅरलॅक्स साधून बनवलेले असतात. तीस मीटरवरच्या उंदरावर तो लावला तर डोळा जरा हलताच नेमाची खूण जनावरावरून सरकते. रिमफायरसाठीचे स्कोप पन्नास यार्डांवर साधलेले असतात, तेच घ्या, किंवा अंतर बदलता येणारा. स्थिर ४ पट किंवा ३ ते ९ पट पुरे. जास्त मोठं दाखवणारा स्कोप हाताचं थरथरणंही मोठं करून दाखवतो आणि जवळचं जनावर शोधताना दृश्य अरुंद पडतं. पहाटे आणि संध्याकाळी काम असतं, त्यामुळे स्वच्छ काच पटीपेक्षा महत्त्वाची.

स्प्रिंगच्या एअर रायफलीवर मात्र एअर रायफलीसाठीचाच स्कोप लागतो. तिचा धक्का आधी मागे आणि मग पुढे असा दुहेरी असतो, आणि साध्या स्कोपच्या आतल्या भिंगांची बैठक त्याने सुटते.

अनेक .२२ रायफलींवर स्कोपसाठी ११ मिलिमीटरची खाच असते. माउंट, म्हणजे स्कोप धरणाऱ्या कड्या, रायफलीवरच्या मापाचे घ्या, आणि शक्य तितके बुटके, म्हणजे गाल दस्त्यावर टेकलेला राहतो. माझ्याकडे "रायफल अचूक नाही" म्हणून जे येतात, त्यांच्या माउंटचे स्क्रू मी आधी तपासते. ते सैल असतात.

काडतूस निवडणं

हे सर्वांत जास्त दुर्लक्षित राहतं. एकाच कारखान्यातल्या, एकाच मॉडेलच्या दोन रायफलींना वेगवेगळी काडतुसं आवडतात. कारण नळीच्या आतल्या मापात केसाएवढा फरक असतो. म्हणून रायफल आणल्यावर पाच-सहा प्रकारची एकेक डबी घ्या, पन्नास मीटरवर, रायफल पिशवीवर टेकवून, प्रत्येकाचे पाच गोळ्यांचे काही ग्रुप झाडा. दुसऱ्या प्रकाराकडे वळल्यावर पहिल्या दहा-वीस गोळ्या मोजू नका. प्रत्येक काडतुसाचं मेण वेगळं असतं आणि नळी त्याला सरावायला वेळ घेते. ज्याचे ग्रुप सातत्याने २५ मिलिमीटरच्या आत बसतात ते काडतूस तुमचं. मग त्याची एकाच लॉटची पेटी घ्या.

कामासाठी मी सबसॉनिक हॉलो पॉइंट (टोकाला पोकळ असलेली गोळी) सुचवते, ३८ ते ४० ग्रेनची. ध्वनीचा वेग २० अंश तापमानाला सेकंदाला साधारण ३४३ मीटर असतो. त्याच्या खाली राहणारी गोळी हवेत चाबकासारखा आवाज करत नाही, त्यामुळे शेजाऱ्यांना आणि उरलेल्या सशांना त्रास कमी. थंडीत मात्र ध्वनीचा वेग उतरतो, शून्य अंशाला ३३१ वर येतो, आणि सीमेवरची काही काडतुसं तेव्हा आवाज करू लागतात.

वेगवान काडतूस चांगलं असा समज सगळीकडे आहे. .२२ एलआरच्या बाबतीत वाऱ्यात उलटं होतं. ध्वनीच्या वेगाच्या वर सुटलेली गोळी त्या सीमेपाशी हवेच्या रोधाने झपाट्याने वेग गमावते, आणि वाऱ्याने सरकणं या गमावलेल्या वेगावर अवलंबून असतं. म्हणून शंभर मीटरवर वेगवान .२२ ही सबसॉनिकपेक्षा जास्त सरकते. अतिवेगवान प्रकारांपैकी काहींचं नळकांडं किंचित लांब असतं, आणि स्पर्धेसाठी आवळ चेंबर केलेल्या रायफलीत ते घालू नये. रायफलीच्या पुस्तिकेत तसं लिहिलेलं असतं, वाचा.

शिशाबद्दल एक सांगायलाच हवं. मेलेल्या प्राण्यात शिशाचे कण राहतात, आणि ते खाणाऱ्या घारी-गिधाडांना विषबाधा होते. कॅलिफोर्नियाने याच कारणाने १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाची काडतुसं पूर्ण बंद केली. तांब्याची .२२ काडतुसं मिळतात, त्यांची गोळी हलकी, आणि काही नळ्यांना ती आवडत नाहीत. पण तुमच्या रायफलीत करून बघा, नियम असो वा नसो. शिसंच वापरणार असाल तर प्रत्येक मेलेलं जनावर उचलून पुरा, आणि नंतर हात साबणाने धुवा.

कधी काडतूस झडत नाही. किनारीत मसाला सगळीकडे सारखा पसरलेला नसतो, पिन नेमकी रिकाम्या जागी आपटते. अशा वेळी रायफल सुरक्षित दिशेला धरून निदान तीस सेकंद थांबा, मगच बोल्ट उघडा.

नेम साधणं, आणि स्वतःचं अंतर ठरवणं

सबसॉनिक .२२ पन्नास मीटरवर साधा. तिथे बरोबर लागणारी गोळी ७५ मीटरवर सुमारे आठ सेंटीमीटर खाली जाते आणि शंभरावर वीस सेंटीमीटरहून जास्त. म्हणजे शंभर मीटरवर अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी डोक्याऐवजी पोट. म्हणूनच मी वर पन्नास-साठ मीटर म्हटलं.

आता कागदावर तीन सेंटीमीटरचा गोल काढा. सशाच्या डोक्यातली घातक जागा साधारण तेवढीच असते. उंदरासाठी दोन सेंटीमीटरचा. टेबल आणि पिशवी सोडा. शेतात जसे बसणार, गुडघ्यावर किंवा काठीच्या टेकणीवर, तसे बसा. पंचवीस मीटरपासून सुरू करून पाच मीटरने मागे जा. ज्या अंतरावर पाचपैकी पाच गोळ्या गोलात जातात ते तुमचं अंतर. एक जरी बाहेर गेली तर पाच मीटर पुढे या. रायफल किती लांब मारू शकते याच्याशी त्याचा संबंध नाही, आणि वारा असेल त्या दिवशी ते आणखी कमी होतं. मी शिकवलेल्या माणसांपैकी जे या आकड्याला चिकटून राहतात त्यांच्या हातून जखमी जनावर पळून जाण्याची वेळ फार क्वचित येते, आणि मला त्यांचा अभिमान वाटतो.

पैशांची वाटणी कशी करावी, तर एकूण रकमेची निम्मी रायफलीवर, बाकी निम्म्यात स्कोप, माउंट, कानाचं संरक्षण, कुलपाची पेटी आणि सरावाची काडतुसं. .२२ चा आवाज मोठा वाटत नसला तरी कानांना इजा करतो, विशेषतः शेडच्या आत. नवी रायफल घरी आली की आधी नळीतलं कारखान्याचं वंगण फडक्याने पुसून काढा, दस्त्याचे आणि माउंटचे स्क्रू आवळा, मगच पहिली गोळी. सळई घालायची ती नेहमी मागून, चेंबरच्या बाजूने, नळीच्या तोंडाला न घासता. .२२ ला रोज साफ करायची गरज नसते. नेम बिघडू लागला की करा, आणि साफ केल्यावर पुन्हा दहा-वीस गोळ्या झाडून नेम तपासा. ठेवताना रायफल कुलपात, बोल्ट वेगळा, काडतुसं तिसऱ्या जागी आणि तीही कुलपात. स्कोपला धक्का लागला, रायफल पडली, महिनाभर पडून होती, की कामावर जाण्याआधी कागदावर पन्नास मीटरवर पाच गोळ्या झाडून बघा.